बियाण्यातील बदल आणि मीजानची जबाबदारी

गेल्या मृगात जुम्याच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीच्या हौजाजवळ माझी वाट पाहत थांबला होता. आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत त्याचे कृषी केंद्र आहे. नमाजचा पाबंद, व्यवहाराला चोख. संकोचतच त्याने विचारले, ‘‘मौलाना, बीटी कपाशीचे बियाणे विकणे जाइज आहे का? कुणीतरी मोबाईलवर एक बयान पाठविले आहे. अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ करणे हे सैतानाचे काम आहे, असे त्यात म्हटले आहे.’’

आज कबूल करावयास हवे की, पुरेशी माहिती न घेताच मी उत्तर दिले. म्हणालो, ‘‘बयानात म्हटले ते बरोबरच दिसते, भाई. यापासून लांब राहिलेले बरे.’’

शेजारी वुजू करीत असलेले एक वृद्ध बागायतदार चाचा मान वर करून म्हणाले, ‘‘मौलाना, मी चाळीस वर्षे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधत आलो. मग माझी सारी बागच हराम म्हणायची का?’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. कलम बांधणे आणि जनुक बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मला ठाऊक होते. परंतु शरीअतच्या दृष्टीने त्यांतील फरक कोठे पडतो, हे सांगता येईना. त्यानंतरचे काही महिने मी किताबे चाळली, कृषी विषयाच्या जाणकारांना भेटलो, कपाशीच्या शेतांतून हिंडलो. फतवा देणे हे मुफ्तींचे काम आहे, माझे नव्हे. परंतु त्या दिवशी घाईने दिलेले उत्तर दुरुस्त करणे हे माझ्यावर कर्ज आहे. ते फेडण्यासाठी हा लेख.

निर्मिती बदलणे म्हणजे काय?

ज्या आयतीचा आधार त्या बयानात घेतला होता, ती सूरह अन-निसामधील ११९ वी आयत आहे. माणसांना बहकवून जनावरांचे कान चिरावयास आणि अल्लाहच्या निर्मितीत बदल करावयास लावण्याची सैतानाची प्रतिज्ञा तेथे आली आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात मूर्तींच्या नावाने सोडलेल्या उंटिणींचे कान चिरण्याची रूढी होती, हा त्या आयतीचा संदर्भ. भाष्यकारांनी तिचे दोन अर्थ सांगितले आहेत. इमाम तबरी (रह.) यांच्यासह अनेकांच्या मते येथे अल्लाहचा दीन, म्हणजे माणसाची मूळ फितरत बिघडविणे अभिप्रेत आहे, इतरांनी शरीराची विटंबना करणाऱ्या कृत्यांशी तिचा संबंध जोडला आहे. माणसाच्या उपयोगासाठी पीक सुधारणे या दोहोंपैकी कशातच सरळ बसत नाही. तसे बसत असते, तर चाचांची बागच काय, आपल्या ताटातील गहू आणि तांदूळही टिकला नसता. रानटी गवतांतून हजारो वर्षे निवडून निवडून माणसाने ही धान्ये घडविली आहेत.

यावर कुणी म्हणेल की, निवड करणे वेगळे आणि एका जातीच्या जीवाचा जनुक दुसऱ्यात घालणे वेगळे. हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. मातीत ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ नावाचा एक जिवाणू असतो. ‘बीटी’ हे त्याचेच संक्षिप्त नाव. तो एक प्रथिन तयार करतो आणि ते बोंडअळीच्या पोटात गेले की तिचे आतडे फाटते. हे प्रथिन बनविणारा जनुक कपाशीत घातला की झाडच ते प्रथिन तयार करू लागते. हा जनुक डुकराचा असल्याची अफवा आमच्याकडे काही ठिकाणी पसरली होती. ती निराधार आहे. जनुक पोहोचविण्यासाठी शास्त्रज्ञ अनेकदा ज्या ‘ॲग्रोबॅक्टेरियम’ या जिवाणूची मदत घेतात, तो तर निसर्गात स्वतःच आपले जनुक वनस्पतींत सोडत असतो. आपण उकडून खातो त्या रताळ्यात या जिवाणूचे जनुक फार पूर्वीपासून नैसर्गिकरीत्या आलेले आहेत, असे २०१५ साली संशोधकांना आढळले. म्हणजे जी सीमा आपण अभेद्य मानीत होतो, ती निर्मात्याने तशी बांधलेली नाही.

निसर्गात एखादी गोष्ट घडते म्हणून ती करण्याची माणसाला आपोआप मुभा मिळते, असे नाही. पूरही निसर्गातच येतो. मात्र केवळ जनुक हलविला म्हणून ते कृत्य हराम, असा निवाडा यापुढे करता येणार नाही. राबितातुल आलमिल इस्लामीच्या फिकह परिषदेने १९९८ साली मक्का येथील पंधराव्या अधिवेशनात शेती आणि पशुपालनात या तंत्राचा उपयोग जाइज ठरविला. त्यासाठी माणूस, जनावर आणि पर्यावरण यांना दीर्घकाळानेही हानी पोहोचू नये, यासाठी सर्व खबरदारी घेण्याची अट घातली. आपण बहुतेक वेळा यातील ‘जाइज’ हा शब्द वाचतो आणि अट विसरतो. या लेखाचा सारा विषय ती अट आहे.

खजुराच्या बागेतील धडा

सहीह मुस्लिममधील एक हदीस या संदर्भात फार मोलाची आहे. मदीनेचे शेतकरी नर खजुराचा फुलोरा मादी झाडावर बांधून फलधारणा घडवीत असत. प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्याचा विशेष लाभ होत असेल असे वाटले नाही आणि त्यांनी तसे बोलून दाखविले. लोकांनी ते काम सोडले. त्या वर्षी फळ कमी आले. हे कळताच आपण केवळ एक अंदाज व्यक्त केला होता, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आणि अशा दुनियेच्या कामांतील जाणकारी लोकांपाशीच अधिक असल्याचे सांगितले.

या हदीसवरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की, शेतीत दीनचा काही संबंधच नाही. हे खरे नव्हे. फुलोरा कसा बांधावा हा अनुभवाचा विषय आहे. परंतु त्या खजुराचे माप कसे घालावे, उश्र किती द्यावा, मजुराची मजुरी केव्हा चुकवावी, माल लपवून विकावा की दाखवून, हे सारे प्रेषितांनीच (स.) शिकविले आहे. तंत्राचे ज्ञान जाणकारांकडून घ्यावे आणि त्याचा हिशेब अल्लाहला द्यावा, असा हा धडा आहे. पहिल्या दिवशी मी नेमके उलटे केले होते. जाणकारांना न विचारता तंत्रावर निवाडा दिला आणि हिशेबाची बाजू पाहिलीच नाही.

मीजान कोठे ढळला?

सूरह अर-रहमानच्या प्रारंभी आकाशाच्या उंचीबरोबरच मीजानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे आणि तोलात अतिरेक व कसूर न करण्याची ताकीद आहे. कपाशीच्या शेतात हा मीजान कसा ढळला, ते पाहण्यासारखे आहे.

भारतात बीटी कपाशीला २००२ साली मान्यता मिळाली. दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकन बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या, हे आमच्या भागातील शेतकरी आजही सांगतात. पीठ मागे विषाचा पंप बांधून फिरणाऱ्याचे फिरणे कमी झाले असेल, तर ती अल्लाहची नेमतच होती.

त्या वेळी ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी येत असे. तिच्यात बीटी नसलेले बियाणे असे. ते शेताच्या कडेने लावावयाचे आणि त्यावर अळी जगू द्यावयाची, असा नियम होता. ऐकून नवल वाटते, पण त्यात हिकमत होती. बीटी पचवू शकणारी अळी सुरुवातीला अत्यंत विरळ असते. कडेच्या ओळींत वाढलेल्या साध्या पतंगांशी तिच्या पतंगांचा संकर होत राहिला, तर ती शक्ती पुढच्या पिढीत लवकर पसरत नाही. थोडे पीक अळीला सोडावे, म्हणजे उरलेले वाचते.

बहुतेक शेतांत ती पुडी पेरलीच गेली नाही. विकणाऱ्याने समजावले नाही; तीन एकरांच्या धन्याला काही ओळी अळीला सोडणे परवडेना; शेजाऱ्याने लावली नाही, मग मी का लावू, असेही झाले. शिवाय हंगाम संपल्यावर थोड्या जास्तीच्या कापसासाठी फरदड राखली गेली आणि गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळाले. पहिल्या जनुकाला ही अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये गुजरातेत उघड झाले. पुढे दुसरा जनुकही निकामी ठरला आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातील कापूस तिने पोखरून काढला.

मला येथे सूरह अल-कलममधील बागवाल्यांची हकीकत आठवते. मिस्कीनांनी बागेत पाऊल ठेवू नये म्हणून पहाटेच फळे तोडण्याचा त्यांनी निश्चय केला आणि रात्रीतच बाग उजाड झाली. गरिबाचा हक्क आणि अळीची ओळ यांची बरोबरी मी करीत नाही. गरिबाचा हिस्सा फर्ज आहे. अळीची ओळ ही तदबीर आहे. तरीही दोन्हीकडे वृत्ती एकच दिसते. सर्व काही माझेच, दुसऱ्यासाठी काहीही सोडणार नाही, अशी ती वृत्ती. आणि दोन्हीकडे नुकसान शेवटी त्याच मालकाच्या दारी आले.

त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. त्या शोकांतिकेची कारणे अनेक होती : माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेले दाट पीक, अनेक कीटकनाशकांची मिश्रणे, तोंडाला फडके आणि हाताला मोजेही नसणे. बियाण्यातील बदल हे त्या मृत्यूंचे कारण होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु जे तंत्र फवारणी कमी करील म्हणून आले, त्याचा तोल सांभाळला न गेल्याने पंप पुन्हा पाठीवर चढले आणि ज्यांच्या पाठीवर ते चढले, त्यांच्यापैकी अनेकांच्या मालकीचे एक ढेकूळही नव्हते. स्वतःला किंवा दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हा प्रेषितांच्या (स.) वचनावर आधारलेला शरीअतचा मोठा नियम आहे. हानी कुणाच्या खांद्यावर जाते हे न पाहता केवळ उत्पन्न मोजणे, ही देखील तोलातील कसूरच होय.

त्या तरुणाला आज काय सांगेन?

पुढील जुम्याला मी त्या तरुणाला स्वतः शोधून काढले. मान्यताप्राप्त बियाणे पावती देऊन विकण्यास माझ्या समजुतीप्रमाणे हरकत नाही, असे त्याला सांगितले. मात्र विक्रेत्यावर सत्याची जबाबदारी आहे. हे वाण कोणत्या अळीवर चालते, कोणत्या अळीवर आता चालत नाही, फरदड का ठेवू नये, हे त्याने गिऱ्हाइकाला सांगावयास हवे. बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल शोधणारे प्रेषित (स.) आपल्याला ठाऊक आहेत. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, अशी त्यांनी विचारणा केली आणि फसविणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे बजावले. अपुरी माहिती देऊन विकलेले बियाणे हा आजचा आतून ओला ढीग आहे.

मग त्याने खरा प्रश्न काढला. तणनाशकाला न जुमानणारी, म्हणजे एचटीबीटी कपाशी मान्यता नसतानाही गावोगाव विकली जाते. गिऱ्हाईक स्वतः मागते. ‘‘मी नाही ठेवली, तर शेजारचा दुकानदार ठेवतो,’’ तो म्हणाला.

शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी मजुरी परवडत नाही. शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे हेच बियाणे जाहीरपणे पेरले होते. त्यांच्याशी आपण सहमत असू वा नसू; त्यांनी आपले नाव आणि चेहरा लपविला नाही. पावतीविना पाकीट सरकविणारा मात्र सर्व काही लपवितो. पाकिटात काय आहे याची खात्री नाही, ते उगवले नाही तर तक्रारीला जागा नाही, आणि नुकसान झाले तर ते सारे गिऱ्हाइकाच्या माथी. ज्या सौद्यात एका बाजूला केवळ अंधार आहे, त्याला फिकहमध्ये गरर म्हणतात. शिवाय निंदणीवर चूल पेटविणाऱ्या बायकांचे काय होईल, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी त्याला म्हणालो, ‘‘भाई, या पाकिटाची रोजी तुझ्या मुलांच्या ताटात नको.’’

तो बराच वेळ गप्प होता. ‘‘या हंगामात तोटा होईल, मौलाना,’’ एवढेच बोलला. मी त्याला नफ्याचे आश्वासन देऊ शकलो नाही. पुढच्या वेळी त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी कमी होती आणि फरदडीविषयी हाताने लिहिलेला एक कागद भिंतीवर चिकटविलेला होता.

हा प्रश्न कपाशीपाशी थांबणार नाही. जनुकीय मोहरीवर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. बाहेरचा जनुक न घालता केवळ मूळच्या जनुकात संपादन करून तयार केलेले भाताचे दोन वाण २०२५ मध्ये आपल्या देशात जाहीर झाले. ‘परका जनुक’ हा आक्षेप तेथे लागूच पडत नाही. मीजानचे प्रश्न मात्र तसेच उभे राहतात. खरे सांगितले काय? हानी कुणाला? दुसऱ्याचा हिस्सा ठेवला काय? इमाम गझाली (रह.) यांनी शेतीची गणना फर्जे-किफायात केली आहे. आपल्या घरांतील मुलामुलींनी वनस्पतिशास्त्र शिकावे आणि आम्ही मदरशातून आलेल्यांनी त्यांच्यापुढे बसून विचारावयाची लाज धरू नये, हीही आज त्याच फर्जाची एक शाखा आहे.

सूरह अल-वाकिआमध्ये पेरणाऱ्याला त्याच्या पेरणीकडे पाहावयास लावून, उगविणारा खरा कोण, याची आठवण दिली आहे. प्रयोगशाळेत घडलेले बी असो वा आजीच्या मडक्यातील राखेत जपलेले, मातीखालील अंधारात त्याला फुटणारा कोंब अल्लाहच्याच हुकमाने फुटतो. आपल्या हाती केवळ तराजू दिला आहे. तो सरळ धरण्याची तौफीक अल्लाह आम्हा सर्वांना देवो. आमीन.