इराणचा निळा, चीनचा पांढरा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चिनी मातीच्या दोन उंच फुलदाण्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पांढऱ्या अंगावर निळ्या रंगातले ड्रॅगन, फिनिक्स पक्षी, कमळाच्या वेली. मानेला दोन्ही बाजूंनी हत्तीची मस्तकं. गळ्यावर लेख आहे. १३५१ साली झांग वेनजिन नावाच्या भाविकाने या फुलदाण्या आणि एक धुपाटणं ताओ पंथाच्या एका मंदिराला वाहिलं. मागणं आपल्याही देवघरात रोज ऐकू येतं तेच : घराला देवाचं पाठबळ असावं, मुलाबाळांना सुख लाभावं.

देव ताओ पंथाचा, राज्य मंगोलांचं, घडण चीनमधल्या जिंगदेझेनच्या कुंभारांची. आणि निळाई इराणची! ती देणारं कोबाल्ट मुसलमान व्यापाऱ्यांच्या हातून चीनला पोचत असे. सुमारे १३०० अंशांच्या भट्टीत बहुतेक रंग करपतात, कोबाल्ट तगतं. कच्च्या भांड्यावर ते कुंचल्याने लावायचं, वर पारदर्शक झिलई चढवायची आणि भट्टी लावायची. कोरडी माती रेघ लगेच शोषून घेते, त्यामुळे चुकलेलं पुसता येत नाही. शिवाय लावताना हा रंग काळपट दिसतो. निळा होतो तो भट्टीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगात चित्र काढायचं, ही साधना त्या कारागिरांनी परक्या मुलखातल्या खनिजावर केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच्या पाचएकशे वर्षं आधी इराकमधल्या बसऱ्याचे कुंभार चीनहून येणाऱ्या शुभ्र भांड्यांवर लुब्ध झाले होते. तशी माती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी साध्या मातीवर कथलाचा पांढरा लेप दिला आणि त्यावर कोबाल्टची निळी नक्षी काढली. पुढे जिंगदेझेनच्या भट्ट्या पश्चिम आशियासाठी मोठमोठी ताटं घडवू लागल्या. तिकडे एका ताटाभोवती बसून जेवायची रीत, चीनमध्ये वाडग्याची. सोळाव्या शतकात मिंग दरबारातल्या काही भांड्यांवर अरबी आणि फारसी अक्षरंही उमटली. १६११ मध्ये इराणच्या शाह अब्बासने अर्दबीलला आपल्या पूर्वजाच्या, शेख सफी या सूफीच्या दर्ग्याला हजाराहून अधिक चिनी भांडी अर्पण केली.

आयात कोबाल्टमध्ये लोह जास्त असे. रंग जाड बसला की झिलईखाली काळसर ठिपके उठत. हा खरं तर खनिजाचा दोष. पण पंधराव्या शतकातल्या त्या भांड्यांचं मोल पुढे इतकं वाढलं, की अठराव्या शतकात त्यांच्या धर्तीवर भांडी घडवणारे चिनी कारागीर ते ठिपके कुंचल्याने मुद्दाम काढू लागले. बाहेरून आलेल्याचा डागसुद्धा तोवर घरचा झाला होता. परंपरा म्हणजे सोवळ्यात जपलेली ठेव, असं मानणाऱ्यांनी या ठिपक्यांकडे जरा वेळ बघावं. परंपरेची ताकद मला तरी तिच्या पचवण्यात दिसते.

झांगने वाहिलेल्या त्या जोडीची मधल्या काळात ताटातूट झाली. दोन्ही फुलदाण्या पुन्हा एकत्र आणल्या त्या पर्सिव्हल डेव्हिड यांनी. त्यांचा जन्म १८९२ चा, मुंबईतला, बगदादी ज्यू घराण्यातला. चिनी मातीच्या भांड्यांचा अभ्यास आणि संग्रह हाच या मुंबईकराचा ध्यास झाला. आज त्या फुलदाण्या जगभर डेव्हिड यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

आपल्याला एवढ्या लांब जायला नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. मुलांना घेऊन अवश्य जा. निळ्या-पांढऱ्या भांड्यापाशी थांबून त्यांनी ‘हे कुणाचं?’ असं विचारलं, तर एकाच देशाचं नाव सांगून मोकळे होऊ नका.