सैल लगाम

तीन-चारशे किलोच्या जनावराला चार-पाच इंचांचं लोखंड अडवू शकत नाही. घोड्याने मनावर घेतलं तर लगाम, स्वार, गाडी सगळ्यांसकट तो उधळतो. तरीही अलिबागला ओहोटी लागली की घोडागाड्या पाण्यातून कुलाबा किल्ल्याकडे निघतात, काशीद-मुरुडच्या वाळूवर घोडे पोराटोरांना पाठीवर घेऊन मुकाट फिरतात. हे लगामामुळे होतं असं आपण धरून चालतो. खरं तर घोडा चालतो तो ऐकायला तयार असतो म्हणून, आणि ही तयारी ओढून आणता येत नाही.

घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्या मधे हिरडीचा मोकळा पट्टा असतो. लगामाचं लोखंड जिभेवरून जाऊन तिथे टेकतं. तिथली कातडी पातळ, आणि तिच्या खाली लगेच जबड्याचं हाड. बोटभर ओढ पडली तरी कळावं अशी ही जागा. हिसका बसला की तिथेच कळ जाते. काही घोड्यांना वरच्या दाढांच्या पुढे एक बारका दात असतो. त्यावर लोखंड आपटत राहिलं की घोडा मान झटकतो, तोंड वासतो आणि ‘अडेल’ ठरतो. अशा घोड्याला चाबूक दाखवण्याआधी त्याचे दात जनावरांच्या डॉक्टरला दाखवावेत.

नव्या घोड्याला लगाम चढवणारा जाणता माणूस बघण्यासारखा असतो. तो डाव्या अंगाला, खांद्याशी उभा राहतो. लोखंड आधी मुठीत धरून त्याला ऊब देतो, त्यावर गूळ चोळतो. ओठांच्या कोपऱ्यातून अंगठा त्या बिनदाती जागेत सारतो. घोडा आपणहून तोंड उघडतो आणि दातांवर खट्ट न वाजता लोखंड आत जातं. सुरुवातीला तो दोऱ्या जोडतच नाही. घोड्याला नुसतं ते चघळू देतो. पुढे दोरी आली की बोटांनी जराशी ओढ द्यायची आणि घोड्याने जबडा ढिला केला, मान किंचित नमवली, की त्याच क्षणी बोटं सैल करायची. सगळी विद्या या ‘त्याच क्षणी’मध्ये आहे. ओढीने घोड्याला फक्त प्रश्न पडतो. उत्तर बरोबर आलं हे त्याला सुटकेतून कळतं. सुटका उशिरा मिळाली तर ती कशाबद्दल होती हे त्याला उमगत नाही, आणि मिळालीच नाही तर तो उत्तर देणं सोडतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने अश्वारोहणावर पुस्तक लिहिलं, त्यातही घोडा नमला की हात हलका करा, असाच सल्ला आहे.

आपल्याकडे कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी आणि इंद्रियांना घोडे म्हटलं आहे. त्या रूपकात मन हे लगाम आहे. आपण मात्र मनाला लगाम घालायच्या गोष्टी करतो, जणू मनच घोडा. उपनिषदाची मांडणी घोडेवाल्याला चटकन पटेल. लगाम दोन्हीकडून बोलतो: घोड्याच्या तोंडातलं हातात येतं, तसं हातातलं तोंडात जातं. घाबरलेला स्वार तोल सावरायला दोऱ्यांनाच लटकतो. घोड्याला त्या ओढीचा अर्थ लागत नाही, म्हणून तो मान वर करतो. स्वार आणखी घाबरतो, आणखी ओढतो. घोड्याला शांत करायचं तर सुरुवात स्वाराच्या मनगटापासून करावी लागते.

याच किनाऱ्यावर एके काळी घोडे गलबतांतून उतरत. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी 1469च्या सुमारास होर्मुझहून निघून चौलला उतरला, तोही एक घोडा बरोबर घेऊन. जुन्नरला तो घोडा तिथल्या खानाने हिरावून घेतला आणि मोठ्या खटपटीनंतर परत मिळाला. ज्याची सगळी पुंजी एका घोड्यात आहे, तो त्याचं तोंड बिघडवणार नाही. भाड्याच्या घोड्याचं दुखणं इथेच आहे. दिवसभरात किती अनोळखी हात त्या दोऱ्या धरतात, आणि कुणाच्याच हाताला त्या तोंडाची झळ लागत नाही. घोडेवाला जीव लावणारा असला तरी दर फेरीला नवा हात आणि नवी भीती. शेवटी घोडा दोऱ्यांकडे लक्षच देईनासा होतो आणि मालकाच्या हाकेवर चालतो. बघणाऱ्याला वाटतं, किती गरीब जनावर!

शांत झालेला घोडा आणि हरलेला घोडा लांबून सारखेच दिसतात. जवळ गेलं की फरक कळतो. शांत घोडा लोखंड हलकेच चघळतो, त्याच्या ओठांवर थोडा ओलावा असतो, कान मागे-पुढे फिरतात, मधेच तो फुरफुरतो. हरलेल्याचा जबडा घट्ट मिटलेला असतो, डोळे कुठेच नसतात. पहिल्याने लगाम स्वीकारला आहे. दुसऱ्याने तक्रार करणं सोडलं आहे. ज्याला नाही म्हणायची सोय उरलेली नाही, त्याच्या होकाराला किंमत किती? घरात, वर्गात, कचेरीत ‘आमच्याकडे कुणाची तक्रार नसते’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

कायद्याने खालची रेघ आखून दिली आहे: ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या 1965च्या नियमांनुसार काटेरी लगाम वापरायला बंदी आहे. पण गुळगुळीत लोखंडही अडाणी हातात काट्याचं काम करतं, आणि हाताची तपासणी कुठला निरीक्षक करणार? ती ज्याची त्याने करायची. किनाऱ्यावर घोड्यावर बसण्याआधी त्याच्या ओठांचे कोपरे बघावेत. जखम असेल तर बसू नये, आणि का बसलो नाही ते घोडेवाल्याला सांगावं. बसलोच तर तोल सांभाळायला खोगीर धरावं, दोऱ्या सैल सोडाव्यात. घोडा तरीही चालेल. आणि तो आपल्या ओढण्यामुळे चालत नव्हता, हेही कळेल.