जुन्या मातीवर नवी माती



३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, तेव्हां हजारों माणसें आपल्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. तीं घरें दुबळीं दिसत नव्हतीं. भिंती हातभराहून जाड, वर मातीचें माळवद. परंतु भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या थरांस जोडणारे आरपार दगड नव्हते. आणि माळवद गळूं लागलें म्हणजे लोक जुन्या मातीवर नवी माती घालीत, तेणेंकरून भार वाढत जाई. डागडुजी समजून जें केलें तेंच घातक ठरलें. पुढें जाणत्यांनीं सांगितलें: माती उतरवा, भिंतींत आरपार बंध घाला.

आपलें अंतःकरणही असेंच घर नव्हे काय? दोष दिसला कीं आपण पश्चात्ताप न करितां वर सत्कर्मांचा थर घालितों. प्रभु आधीं जुना भार उतरवावयास सांगतो.

अनुवादाच्या पुस्तकांत नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडून मरूं नये म्हणून. घर निर्धोक करणें हीही प्रीतीच होय. यास्तव पावसाळ्यापूर्वीं माळवदावर चढाल, तेव्हां हातीं प्रथम खोरें घ्या. नव्या मातीची पाटी मागाहून. प्रभु आपणां सर्वांस सुबुद्धि देवो.