सावलीला वस्तू मानावे का?

बर्फ पडलेल्या शहरात कृष्णधवल फिल्मचा रोल भरून पायी हिंडणारा छायाचित्रकार दिवसभर सावल्या टिपत असतो. सावली ही मुळात काही आहे का, यावर आपल्याकडच्या दार्शनिकांनी शतकानुशतके वाद घातला आहे. वैशेषिक आणि त्यांच्या जोडीचे नैयायिक म्हणतात, अंधार ही वस्तू नव्हे, तो प्रकाशाचा अभाव. भाट्ट मीमांसकांना हे पटत नाही. अंधार काळा दिसतो, सावली सरकताना दिसते. ज्याला रंग आहे आणि गती आहे त्याला द्रव्य का म्हणू नये? सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’वरच्या आपल्याच ‘दीपिका’ टीकेत हा आक्षेप प्रामाणिकपणे घेतला आहे: द्रव्ये नऊच कशी, अंधार हे दहावे का नाही? त्याचे उत्तर असे की, रंग असलेली कोणतीही वस्तू पाहायला डोळ्याला उजेडाची मदत लागते. अंधार मात्र उजेड नसतानाच दिसतो, म्हणून तो रंग असलेले द्रव्य असू शकत नाही. उरला सावलीच्या गतीचा मुद्दा. न्यूयॉर्कमध्ये २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर असतो, त्यामुळे माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब पडते आणि तो चालला की बर्फावरून त्याच्याबरोबर धावते. पण धावतो तो माणूस. उजेड अडण्याची जागा बदलते, तिलाच आपण सावलीची चाल समजतो. मला नैयायिकांची बाजू खरी वाटते, आणि कृष्णधवल फिल्म या बाजूने एक साक्ष देते असेही वाटते: अभाव ही कल्पना नाही, तो एका ठरावीक जागी, ठरावीक गोष्टीचा असतो आणि डोळ्यांना दिसतो.

ही साक्ष निगेटिव्हमध्येच आहे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात. जिथे उजेड पडला तिथले कण डेव्हलपरमध्ये काळ्या चांदीत बदलतात. जिथे पडला नाही तिथले कण पुढे फिक्सरमध्ये धुऊन निघतात. त्यामुळे निगेटिव्हवर बर्फ गडद, दाट असतो आणि सावलीच्या जागी जवळजवळ नुसता पारदर्शक पट्टा उरतो. अंधार द्रव्य असता तर त्याने तिथे काहीतरी ठेवले असते. यावर भाट्ट पक्ष लगेच म्हणेल की प्रिंट काढा आणि मग बोला. प्रिंटमध्ये सगळ्यात जास्त चांदी सावलीतच असते. आक्षेप वजनदार आहे, कारण प्रिंट बघणाऱ्याला सावली खरोखरच जड, ठोस, हात लावावा अशी भासते. पण ती चांदी कागदावर आली ती निगेटिव्हच्या रिकाम्या जागेतून एन्लार्जरचा उजेड आरपार गेला म्हणून. कागदावरचा काळेपणा हे द्रव्य आहे हे निर्विवाद, पण तो सावलीचे चित्र आहे, सावली नव्हे. आगीच्या चित्रात ऊब नसते. नंतरच्या नैयायिकांनी आपली व्याख्या अधिक काटेकोर केली, तीही इथे उपयोगी पडते: अंधार म्हणजे उजेडाचा संपूर्ण अभाव नव्हे, प्रखर उजेडाचा अभाव. बर्फावरच्या सावलीत आकाशाचा मंद उजेड असतोच, म्हणून चांगल्या प्रिंटमध्ये त्या सावलीत बर्फाचा पोत हलकेच दिसतो.

या वादातला सर्वांत मोलाचा भाग मात्र वेगळा आहे आणि छायाचित्रकाराला तो सर्वांत जवळचा वाटावा. एखादी गोष्ट दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येत नाही. नैयायिक आणि भाट्ट दोघेही इथे एक अट घालतात, योग्यानुपलब्धीची: ती गोष्ट असती तर दिसलीच असती अशी स्थिती हवी, तरच तिचे न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा ठरतो. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. काळोख्या खोलीत दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. निगेटिव्ह फिल्मवर काम करणारे सावलीचा अंदाज घेऊन एक्सपोजर ठरवतात ते नेमके यासाठी. बर्फात हे आणखी महत्त्वाचे, कारण लाइट मीटर समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. त्याचे ऐकले तर बर्फ मळकट येतो आणि सावल्या कोऱ्या राहतात. म्हणून एक ते दोन स्टॉप जास्त द्यावे लागतात. कमी एक्सपोजरची कोरी सावली आणि खरोखर रिकामी असलेली सावली निगेटिव्हवर सारखीच दिसते. पहिलीत कोणी बाकावर बसले होते की नाही, हे सांगण्याचा अधिकार त्या फ्रेमला उरत नाही. नैयायिकाची अट आणि लाइट मीटरची दुरुस्ती या दोन्हींत मला एकच नैतिकता दिसते: ‘नाही’ म्हणण्यापूर्वी ‘आहे’ला दिसण्याची पूर्ण संधी द्यायची.

दोन प्रसिद्ध छायाचित्रे शेजारी ठेवली की न दिसणे आणि नसणे यांतला फरक स्पष्ट होतो. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी आल्फ्रेड स्टिग्लिट्झ न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर हिमवादळात हातातला कॅमेरा घेऊन सुमारे तीन तास थांबला आणि समोरून येणारी घोडागाडी त्याने टिपली. (तेव्हा काचेची प्लेट होती, पण रसायन हेच.) त्या चित्रात दुतर्फाच्या इमारती विरून जातात, तरी त्या नाहीत असे कोणाला वाटत नाही, कारण त्यांना झाकणारा बर्फ समोर दिसतो आहे. आन्द्रे कर्तेशने जानेवारी १९५४ मध्ये बाराव्या मजल्यावरच्या आपल्या घरातून टिपलेला वॉशिंग्टन स्क्वेअर याच्या अगदी उलट आहे. हवा स्वच्छ, झाडे निष्पर्ण, कुंपणांच्या काळ्या वळणदार रेघा, आणि सगळ्या बागेत एकटा चालणारा माणूस. इथे पानांचा अभाव फांदीवर बोट ठेवून दाखवता येतो, माणसांचा अभाव वाटेवर. अभाव कशाचा आणि कुठे, हे दोन्ही प्रश्न नैयायिक प्रत्येक वेळी विचारतो, आणि हे चित्र दोन्हींची उत्तरे देते. हिवाळ्यातले शहर या अभ्यासाला इतके अनुकूल का, तेही यात येते. तिथे काय असायला हवे होते, ते आपल्याला उन्हाळ्यापासून ठाऊक असते.

आता रंगाबद्दल. डिजिटल चित्रातला रंग एका बटणाने काढता येतो, मग रोलचा आग्रह कशाला, असे कोणी विचारेल. रंग होता आणि पुसला, हा नैयायिकांच्या भाषेत प्रध्वंसाभाव झाला, म्हणजे असून नष्ट झालेल्याचा अभाव. पुसणाऱ्याला तो हवा तेव्हा परत आणता येतो, म्हणून तो कच्चाच प्रध्वंस. फिल्मवर रंग कधी उमटलाच नाही. रोल भरून चालणाऱ्याला हे आधीपासून माहीत असते, आणि लाल कोटाऐवजी तो कोटाचा गडदपणा पाहू लागतो. बदल पाहण्यात होतो, नंतरच्या संस्कारात नाही.

याहून कठीण आक्षेप छायाचित्रकार रघुबीर सिंह यांचा. १९९८ च्या ‘रिव्हर ऑफ कलर’मध्ये त्यांनी मांडले की रंगातून पाहणे भारतीय दृष्टीच्या मुळाशीच आहे आणि कृष्णधवल छायाचित्रणामागे पाश्चात्त्य मनाचा विषाद आहे. त्यांची मुंबईची चित्रे पाहिली की निम्मे तरी पटते. तिथे एका फ्रेममध्ये इतके काही हजर असते की रंगाशिवाय ते एकमेकांपासून वेगळे काढताच येणार नाही. पण अभावाकडे टक लावून पाहणे पश्चिमेकडून आले, हे मला मान्य नाही. वैशेषिक सूत्रकार कणादापासून अन्नंभट्टापर्यंत अंधाराची चिकित्सा करणारी माणसे विषादाने ग्रासलेली नव्हती. ‘घडा नाही’ हे ज्ञान त्यांना ‘घडा आहे’इतकेच तपासण्याजोगे वाटत होते. आणि सॉल लायटर? रब्बीचा मुलगा, धर्मशिक्षण सोडून १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि त्याच शहरातला बर्फ त्याने रंगीत फिल्मवर टिपला. त्याच्या पांढुरक्या रस्त्यावरची लाल छत्री कृष्णधवलात केवळ एक करडा ठिपका ठरली असती, हे कबूल करावेच लागते. मात्र लायटरच्या चित्रात बर्फ छत्रीसाठी जागा मोकळी करतो आणि पाहणारा त्या छत्रीपाशी थांबतो. कर्तेशच्या चित्रात थांबायला तसे काही नाही, त्यामुळे नजर रिकाम्या वाटांवरून फिरत राहते आणि तिथे कोण नाही ते मोजते. लायटर स्वतः दोन्ही प्रकारची फिल्म वापरत असे. जे आहे ते पाहायचे त्या दिवशी रंगीत रोल भरावा. जे नाही ते पाहायचे असेल तर कृष्णधवल, आणि एक्सपोजर सावलीचे.