बाकावरच्या माणसाचा भाव

लिलावात निघतो तोच माणसाचा खरा भाव, बाकी सगळी हळहळ. वर्ध्यातल्या एका व्याख्यानात अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी हे ठासून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. दाखला अमरावतीचा क्रिकेटपटू जितेश शर्मा याचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या आयपीएल लिलावात बेंगळुरूने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. २७ मे २०२५ ला लखनौत २२८ धावांचा पाठलाग करताना त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढल्या आणि पुढच्याच आठवड्यात संघ विजेता झाला. पैसे वसूल! ‘गांधींच्या गावात हे पचायला जड जाईल’, असा टोमणाही त्यांनी जाता जाता मारला. पचवायला आमची हरकत नाही, आधी नीट चावून तर घेऊ.

याच जितेशला २०१६ मध्ये मुंबईने १० लाखांना घेतलं आणि एकही सामना न देता बाकावर बसवून ठेवलं. २०२२ मध्ये पंजाबकडे तो २० लाखांना गेला. विदर्भाच्या रणजी संघात अक्षय वाडकर कर्णधारही आणि यष्टिरक्षकही, त्यामुळे तिथे जितेशला जागा फारशी नव्हतीच. मग खरा भाव कोणता, १० लाख, २० लाख की ११ कोटी? ‘त्या त्या वेळचा’, असं प्राध्यापक म्हणतील. ठीक, मग विदर्भाच्याच हर्ष दुबेचं बघू. २०२४-२५ च्या रणजी हंगामात त्याने ६९ बळी घेतले. रणजीच्या इतिहासात एका हंगामात इतके बळी कुणीच घेतलेले नाहीत. हा हंगाम संपण्याआधीच झालेल्या जेद्दाहच्या लिलावात मात्र त्याला कुणी घेतलं नव्हतं. पुढे हैदराबादचा झाम्पा जायबंदी झाला, त्याच्या जागी स्मरण रविचंद्रन आला, तोही जायबंदी झाला, तेव्हा कुठे हर्षला बोलावणं गेलं. बदलीचा बदली, भाव ३० लाख.

लिलावाचं गणित हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाची गाडी उभी करणाऱ्या शेतकऱ्याला प्राध्यापकांपेक्षा जास्त कळतं. एकच व्यापारी फिरकला तर लांब धाग्याचा कापूसही पडत्या भावात जातो. दोघे इरेला पेटले तर ओलसर मालालाही सोनं लागतं. लिलावातला आकडा दुसऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकाने हात कुठे आखडता घेतला एवढंच सांगतो. त्यातून गिऱ्हाइकांच्या भीतीचं माप मिळतं. त्याला माणसाची लायकी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी यावर तोड काढली, बास्केटबॉलवाल्यांनी ती उचलली. सहज, स्वस्तात मिळेल अशा बदली खेळाडूच्या तुलनेत हा गडी किती जास्त देतो, ते मोजायचं. हिशेब देखणा आहे, पण तो मैदानावरच्या मिनिटांचा. न खेळलेल्या रात्रींचं त्यात शून्य. इंडियानाचा टी. जे. मॅककॉनेल हा राखीव पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन डाव रचणाऱ्याच्या मागचा माणूस. संघाने त्याच्याशी चार वर्षांचा सुमारे साडेचार कोटी डॉलरचा करार केला तेव्हा बाकावरच्या माणसाला एवढे कशाला, असं म्हणणं सोपं होतं. २२ जून २०२५ ला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात पहिल्याच सत्रात मुख्य गार्ड हॅलिबर्टनची टाचेमागची कंडरा तुटली. मॅककॉनेलने १६ गुण केले. संघ हरला, पण मध्यंतराला एका गुणाने पुढे होता. ही तयारी त्या रात्री आकाशातून पडली नव्हती. शेकडो रात्री ती बाकावर बसून होती, कुठल्याच रकान्यात न मावता.

राखीव माणसाची किंमत इंग्रज सरकारलाही कळत होती. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात पहिले विनोबा, दुसरे नेहरू. विनोबांनी १७ ऑक्टोबरला पवनारहून सुरुवात केली, त्यांना तीन महिने मिळाले. नेहरूंची पाळी यायची होती. गांधींना भेटून परतताना त्यांना वाटेतच उचललं आणि आधीच्या गोरखपूरच्या भाषणांवरून चार वर्षं ठोठावली. बाकावरच्याला सोळापट!

आता इंग्रज लेखक रस्किन. आमच्या सेवाग्रामी मित्रांना त्याचं एकच वाक्य पाठ असतं, वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचं मोल सारखं. ते वाक्यही गांधींनी काढलेलं सार. १९०४ मध्ये जोहान्सबर्ग ते डर्बन या आगगाडीच्या प्रवासात गांधींनी रस्किनचं ‘अनटू धिस लास्ट’ वाचलं, फिनिक्स वसाहतीत सगळ्यांना महिना तीन पौंड हा नियम केला आणि १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ लिहिलं. एवढ्यावर मित्र थांबतात आणि ११ कोटी पाप ठरवून मोकळे होतात. मलाही ते पापच वाटत आलं आहे.

पण रस्किन तिथे थांबत नाही. व्यापाऱ्यापेक्षा शिपायाला लोक मान का देतात, असं तो विचारतो. शिपाई मारतो म्हणून नव्हे, मरायला तयार असतो म्हणून. बहुतेक शिपाई त्या दिवशी मरत नाहीत, मान मात्र रोजचा. म्हणजे मोल घडलेल्या कामाइतकंच तयारीचंही आहे. शिवाय कामाला उठाव असो वा नसो, माणसाची मजुरी स्थिर राहावी, हाही त्याचाच आग्रह. हे मान्य केलं की आयपीएलकडे वेगळं बघावं लागतं. तिथला करार झालेला खेळाडू हंगामभर हजर राहिला, तर एकही सामना न खेळता पूर्ण रक्कम घेतो. या तमाशातली सगळ्यात रस्किनी गोष्ट हीच, आणि आपण नेमकं तिलाच नाक मुरडतो!

याच्या उलटं टोक बघायला लांब जायला नको. कापड गिरण्यांच्या काळात बदली कामगार पहाटेच्या भोंग्याला फाटकाशी हजर व्हायचा. जॉबर, म्हणजे मुकादम, बाहेर यायचा, खाड्यांचा आकडा बघायचा, गर्दीवर नजर फिरवायचा आणि बोट दाखवेल ते आत. बाकीचे भाकरीचं फडकं तसंच काखेत मारून घरी. हजेरी नाही, पैसा नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली २५-सी कलम आलं. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला ले-ऑफमध्ये मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मे मिळू लागले. बदली कामगार मात्र शब्दाने वगळलेला. भोंगा दोघांना एकच, पण एकाच्या थांबण्याला मोल, दुसऱ्याचं थांबणं फुकट.

आणि प्राध्यापक महाराज, तुमच्या महाविद्यालयांतले तासिका तत्त्वावरचे शिक्षक? तास घेतला तर पैसे, सुट्टीत शून्य. नेट, पीएच.डी. करून बाकावर बसलेल्या या मंडळींवरच महाराष्ट्रातले कितीतरी विभाग चालतात. तुमचा स्वतःचा भाव वेतन आयोग ठरवतो, लिलाव नव्हे. म्हणूनच लिलावाचं तुम्हाला एवढं कौतुक.

११ कोटी आणि ३० लाख यांतल्या दरीचं समर्थन मी करणार नाही. ती दुसऱ्या बोलीच्या लहरीवर ठरते. पण बसून खाल्ले, हा आक्षेप मी सोडला आहे. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांसाठी किमान मजुरी ठरवली, ती बाजाराला विचारून नव्हे. माणूस जगायला काय लागतं ते बघून, खादी महागेल हे पत्करून. राखीव माणसाच्या बाबतीत तेच करायला हवं. ज्याला तुम्ही दारात थांबायला सांगता, त्याच्या थांबण्याचे निम्मे तरी पैसे द्या. तेही परवडत नसतील, तर त्याला थांबायला सांगू नका. दुसरीकडे पोट भरायला तो मोकळा तरी होईल.