बूच आणि द्राक्षारस



वेदीवर अर्पण होणारा द्राक्षारस कसा असावा, याविषयी ख्रिस्तसभेचा नियम स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मनियम संहितेतील ९२४ वा नियम सांगतो की, तो द्राक्षांपासूनच केलेला, नैसर्गिक असावा आणि नासलेला नसावा. म्हणजे द्राक्षारस चांगला करून भागत नाही, तो चांगला राखावाही लागतो. राखण्याचे हे काम शेकडो वर्षे एक साधे बूच करीत आले आहे.

हे बूच कॉर्क ओक या झाडाच्या सालीचे असते. आपल्याकडचे पांढऱ्या सुवासिक फुलांचे बुचाचे झाड वेगळे. जगातले जवळजवळ निम्मे बूच पोर्तुगालमधून येते. झाड सुमारे २५ वर्षांचे झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, पुढे दर ९ वर्षांनी. बाटलीला चालते ती तिसऱ्या खेपेची साल. झाड लावणारा ते पुढच्या पिढीसाठीच लावतो!

बाटली भरल्यावर सुमारे २४ मिलिमीटर जाडीचे बूच यंत्रात दाबून १६ मिलिमीटरपर्यंत आणतात आणि बाटलीच्या गळ्यात ढकलतात. तिथे ते फुगते व काचेला घट्ट बसते. हवा आत शिरली, तर द्राक्षारस आंबट होऊन जातो.

दृढीकरण संस्कारात बिशप आपल्या मुलांच्या कपाळावर पवित्र तेलाने मुद्रा करतात. ती मुद्रा देवाची, ती कधीच पुसली जात नाही. पण मुलांची श्रद्धा रोज राखण्याचे काम आईवडील आणि धर्ममातापिता म्हणून आपल्याकडे सोपवलेले आहे. आपण त्या बुचाच्या जागी आहोत.

बाटली वर्षानुवर्षे उभी ठेवली, तर बूच सुकते, आकसते. म्हणून ती आडवी ठेवतात. द्राक्षारसाचा स्पर्श राहिला, तरच बूच त्याला राखू शकते. मुलांना धर्मशिक्षणाला पाठवून आपण स्वतः प्रार्थनेपासून दूर राहिलो, तर आपण कोरडे पडतो आणि मुलांना राखणार कोण?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कधी बूच घट्ट असते, कुठे फट नसते, तरी द्राक्षारसाला ओल्या, बुरसटलेल्या कागदासारखा वास येतो. दोष द्राक्षांचा नसतो. बुचातच एक द्रव्य दडलेले असते. एका लिटरला एका ग्रॅमचे काही अब्जांश भाग एवढेही पुरते.

आपल्या घरांतही असेच होते. जमिनीच्या वाटणीवरून दोन भाऊ बोलेनासे होतात. दोघेही रविवारी मिस्साला येतात, पण वेगवेगळ्या बाकांवर बसतात. शांतीची खूण देताना पाठ फिरवतात. मुले हे पाहतात. काकांच्या दारात जायचे नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आपण चालीरीती घट्ट पाळतो, पण आपल्यातला तो वास त्यांच्या कोवळ्या श्रद्धेत उतरतो.

भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. तेव्हा आज मिस्सानंतर आपण त्या दाराची कडी वाजवू या. मुलांना सोबत नेऊ या. देवाने दिलेला द्राक्षारस उत्तमच आहे. त्याला आपला वास लागू नये, एवढी कृपा आपण प्रभूजवळ मागू या. आमेन.