सुई नाही का, डॉक्टर?

दोन दिवसांचा ताप, अंगदुखी, गळणारं नाक. छाती स्वच्छ, घसा थोडा लाल. मी पॅरासिटॅमॉल लिहून दिली, कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं ते समजावलं आणि म्हणालो, "मावशी, दोन दिवस वाट बघू."

मावशी केसपेपरकडे बघत राहिल्या. "सुई नाही का, डॉक्टर?"

वाट कशी बघायची, हे मला मेडिकल कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिथल्या वॉर्डात पेशंट पोचायचा तोच चार ठिकाणांहून गाळून. १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून एक हिशोब मांडला होता. १००० प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही होतं, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण भरती होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो तो १. आम्ही डॉक्टर झालो ते त्या एकाच्या खाटेपाशी उभं राहून. बाकीच्यांचं काय करायचं, हे दवाखाना टाकल्यावर कळायला लागलं.

दुसऱ्या दिवशीचा ताप काहीही असू शकतो. साधा व्हायरल असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. डेंग्यू असेल तर खरा धोका बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो, म्हणजे आज सगळं ठीक दिसण्याला फारसा अर्थ नाही. फॅमिली डॉक्टरची सगळ्यात चांगली तपासणी म्हणजे पेशंटला पुन्हा बघणं.

पण ही तपासणी फुकट नाही. मी सहज म्हणतो, "परवा या." मावशींची त्यात एक रोजंदारी बुडते, वर एसटीचं जाऊन-येऊन तिकीट. माझ्या प्रामाणिकपणाचं बिल त्यांच्या नावावर फाटतं. आजच्या आज काहीतरी ठोस मिळावं, असं त्यांना वाटलं तर त्याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून मी सुई दिली. बी-कॉम्प्लेक्सची. मनाशी म्हटलं, निदान दुसरीकडे जाऊन स्टिरॉइड तरी टोचून घेणार नाहीत. (आपली समजूत काढायला डॉक्टरला फार वेळ लागत नाही.) ताप उतरायचा तेव्हा उतरला.

महिन्याभराने मावशी नातवाला घेऊन आल्या. "तीच सुई द्या. तुमच्या हाताला गुण आहे."

पोराला साधी सर्दी आणि ताप. मी म्हणालो, "याला सुईची गरज नाही. तुम्हाला दिली होती तीही ताकदीची होती, तापाची नव्हती."

"मग तेव्हा का दिलीत?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मी 'तुमच्या समाधानासाठी' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. समाधान त्यांचं होतं की माझं? आणि तेव्हा 'गरज आहे' असं भासवलं, तर आजच्या 'गरज नाही'वर त्यांनी का विश्वास ठेवावा? उद्या खरंच 'आत्ताच्या आत्ता तालुक्याला न्या' म्हणायची वेळ आली तर?

"चुकलं माझं," म्हणालो. केसपेपरच्या मागे माझा नंबर लिहिला. "परवा फोनवर सांगा. पोर मलूल वाटलं, श्वास जोरात चालला, पाणी पिईना, तर फोनही नको, सरळ घेऊन या. याच आजारासाठी परत फी घेणार नाही."

त्यांनी कागदाची घडी घालून कनवटीला लावली. परवा फोन आला नाही. समोरच्या दवाखान्यात सलाईनच्या बाटल्या लटकलेल्या माझ्या खिडकीतून दिसतात. त्या दिवशी मी दोनदा तिकडे पाहिलं.